विचारणाऱ्याची खुर्ची

सोनवणेकाकांच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या असतात. एकीवर ते स्वतः बसतात आणि दुसरीवर कोणी बसलं तर त्याला उठवतात.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो दूधवाल्याच्या बाबतीत. बिचारा उन्हातून आला होता, कॅन खाली ठेवून जरा टेकला. काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे मोठ्या आशेने पाहिलं.

"कुछ पूछना है?"

"नहीं बाबूजी."

"कुछ भी नहीं?"

"दूध एक लीटर ही न?"

"तो फिर उठो भैया. ये पूछनेवाले की कुर्सी है."

दूधवाला उठला आणि माझ्याकडे पाहून त्याने डोक्याजवळ बोट फिरवलं. मीही मान हलवली. शेजारधर्म वगैरे ठीक आहे, पण दूध मलाही त्याच्याकडूनच घ्यायचं होतं.

थाटीपूरच्या सरकारी क्वार्टर्समागे आमची गल्ली आहे. तिथे सोनवणेकाकांची आणि माझी भिंत एक. काका वीजखात्यातले रिटायर्ड लाईनमन. पूर्ण नाव शमुवेल सोनवणे, गल्लीचे 'सैमुअल साहब'. आमच्या दोघांचेही पणजोबा दख्खनेतून ग्वाल्हेरला आले, त्यांचे तलवार घेऊन आणि माझे पोथी घेऊन. पुढे काकांचे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले. माझ्या आजोबांच्या हाती शेवटी फक्त दमा लागला.

तर ती खुर्ची. काकांच्या धर्मात म्हणे असं सांगितलंय, की तुमच्या मनात जी आशा आहे तिचं कारण कोणी विचारलं, तर उत्तर तयार असलं पाहिजे. काकांचं उत्तर तयार होतं. विचारणारा मिळत नव्हता. संध्याकाळी पाच वाजता काका इस्त्रीचा शर्ट घालत, गळ्याचं बटण लावत, पायांत मोजे-बूट चढवत आणि व्हरांड्यात येऊन बसत. घरात बूट कशाला, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाले, "अरे भाई, कंप्लेंट आल्यावर बूट शोधतो तो लाईनमन कसला? तयारी पूरी पाहिजे!"

'तयारी पूरी' हे त्यांचं पालुपद. त्या तयारीत उत्तराची तीन मापं होती, आणि तीही टेम्पोच्या हिशेबाने. एक चौराह्यापर्यंतचं, एक मुरारपर्यंतचं आणि सगळ्यात लांबचं, थेट महाराज बाड्यापर्यंतचं. समोरच्याला जिथे उतरायचं असेल त्या मापाचं द्यायचं.

आता कोणी म्हणेल, एवढं आहे तर माणसाने आपणहून सांगावं. तिथेच तर गोम होती. तरुणपणी काका आपणहूनच सांगत, आणि तेसुद्धा पोलवरून. लाईन दुरुस्त झाली, खाली घामाघूम गर्दी वर बघत उभी आहे, की काका वरून हाक देत, "लाईट बाद में, पहले दो मिनट सुनिए!" मग दोन मिनिटांची वीस होत. ऑफिसात तक्रार गेली. त्या दिवशी रूथकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना समोर बसवलं. "लोकांना अंधारात ठेवून उजेडाचं काय सांगून राहिले तुम्ही?" आणि शपथच घातली, की कोणी विचारल्याशिवाय यापुढे एक शब्द बोलायचा नाही. विचारलं तर मात्र सोडायचं नाही.

तेव्हापासून काका लोकांनी विचारावं म्हणून धडपडत होते. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. त्या रांगेत सगळे वैतागून एकमेकांच्या अंगावर जात असताना काका मुद्दाम प्रसन्न हसत उभे राहिले. कोणीतरी विचारेलच ना, की बाबा, एवढी शांती आणली कुठून? तासाभराने पुढचा गृहस्थ वळला, काकांकडे निरखून पाहिलं आणि ओरडला, "अरे, कोई पानी लाओ, इन अंकल को चक्कर आ रहा है!" काकांना टेबलावर आडवं केलं गेलं. दाखला मात्र सगळ्यांच्या आधी मिळाला.

मग ते सराफ्याचं प्रकरण. रूथकाकूंची कर्णफुलं दुरुस्तीला टाकली होती, घरी येऊन पुडी उघडली तर आत भलत्याच कुणाच्या सोन्याच्या बांगड्या. काका अक्षरशः टुणकन उडाले. भर दुपारी टेम्पो पकडून सराफा बाजार गाठला आणि बांगड्या परत केल्या. सराफाने हात जोडले, लस्सी मागवली. काका बटण लावून प्रश्नाची वाट पाहत बसले.

"इसमें पूछना क्या," सराफ गिऱ्हाइकांना म्हणाला, "मराठी लोग हैं. पीढ़ियों से ईमानदार!"

घरी आल्यावर काका माझ्यावर भडकले. "शाबासकी महाराष्ट्राला मिळाली! अरे, मी महाराष्ट्र पाहिला तरी आहे का? एकदा मनमाडला गाडी बदलली, तेवढंच!"

सगळ्यात जवळ आलेला माणूस म्हणजे समोरचे भदौरियाजी. जूनमध्ये सकाळपासून लाईट नव्हती, सगळी गल्ली बनियनवर बाहेर येऊन वीजखात्याच्या पिढ्या उद्धरत होती. काका बुटांसकट व्हरांड्यात गुणगुणत होते. भदौरियाजी फाटकाशी आले, खुर्चीवरसुद्धा बसले. "सैमुअल साहब, एक बात सच सच बताइए." काकांनी गळ्याचं बटण चाचपलं. "आप ऐसी गर्मी में इतने खुश... सीधा तार कहाँ से डाला है?" लगेच चार जण आत जाऊन, चोरून लाईट घेतलीय का म्हणून, पंखे तपासून आले. रूथकाकूंनी चौघांनाही लिंबाची शिकंजी दिली आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

मी स्वतः काय करत होतो? सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ऑफिसातून येताना मी रोज फाटकाशी थांबायचो. "काय काका, आज फारच खूश दिसताय?" काका ताठ व्हायचे, हात गळ्याच्या बटणाकडे जायचा, घसा खाकरला जायचा. मग मी म्हणायचो, "भोपाळहून मुलगी येतेय वाटतं!" काका खाली बसायचे. "नाही रे." आठवड्यातून दोनदा तरी हा खेळ चालायचा, आणि असं चौदा वर्षं चाललं.

खरं म्हणजे विचारायची मला गरजच नव्हती. उन्हाळ्यात दिवेलागणीला काका आत गेले आणि कूलर सुरू झाला, की त्याच्या घरघरीतून काकांचा आवाज भिंतीपलीकडून यायचा. तिन्ही उत्तरं, मापाबरहुकूम. "काका कूलरला साक्ष देतायत," असं मी बायकोला सांगायचो. ऐकून ऐकून मला बाड्यापर्यंतचं सगळं पाठ झालं होतं.

यंदा होळीनंतर रूथकाकू गेल्या. सकाळी चहा गाळताना खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मुरारच्या कब्रस्तानात काकांनी आलेल्या प्रत्येकाचा हात हातात घेतला, कोण कशाने परत जाणार याची चौकशी केली, एवढंच काय, हसलेसुद्धा. भदौरियाजी माझ्या कानाशी म्हणाले, "सदमा है. असर बाद में होगा." मुलगी पंधरा दिवस राहून भोपाळला गेली.

उन्हाळा आला. कूलर सुरू झाला नाही.

आणि एके दिवशी मी फाटकाशी असताना दूधवाला आला, कॅन ठेवला आणि चुकून त्या खुर्चीवर टेकला. मी वाट पाहिली. काकांनी त्याला उठवलं नाही. चपला घालून, गळ्याचं बटण उघडं टाकून ते रस्त्याकडे बघत बसले होते. दूधवालासुद्धा घाबरला आणि आपणहून उठला.

दूधवाला गेल्यावर मी आत शिरलो आणि त्या खुर्चीवर बसलो.

"काका, एक विचारायचं होतं."

"भोपाळहून कोणी येत नाहीये," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ते नाही, काका. खरंच विचारतोय. तुम्ही इतकी वर्षं एवढे खूश कसे राहिलात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले. "बस. उठू नकोस." आत गेले आणि मोजे-बूट घालून, बटण लावून बाहेर आले.

"कुठवर?"

"बाड्यापर्यंत," मी म्हणालो.

काकांनी घसा खाकरला. "पोलवर चढलं ना सुभाष, की माणूस एकटा असतो. खाली दहा जण उभे असतात, पण तार आपल्यालाच धरायची असते. मी तीस वर्षं चढलो. आणि एकदाही..."

ते थांबले. पुन्हा "एकदाही" म्हणाले आणि पुन्हा थांबले.

"कूलरसमोर तर कधी अडत नव्हता तुम्ही," मी सावरून घ्यायला म्हणालो.

"कूलरशी कोण बोलतं रे?" काका म्हणाले. "रूथ विचारायची. आतून, भाजी चिरता चिरता. 'सांगा बघू, एवढे खूश कसे तुम्ही?' रोज विचारायची. बाहेरचं कोणी विचारेना, तर माझा सराव तुटू नये म्हणून. अडलो की पुढचं तीच सांगायची."

इतकी वर्षं मला भिंतीतून एकच आवाज ऐकू आला होता.

"आणि एकदाही मी एकटा नव्हतो," मी म्हणालो. "येशू माझ्याआधी पोलवर चढायचा आणि माझ्यानंतर उतरायचा." काकांचेच शब्द होते, भिंतीपलीकडून पाठ झालेले.

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. "माझ्यानंतर उतरायचा," ते हळूच म्हणाले. मग पुढचं त्यांनीच सांगितलं, पार बाड्यापर्यंत. मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

संपल्यावर ते वाकून बुटाची लेस सोडायला लागले.

"आजचं धरायचं नाही," खाली मान घालूनच म्हणाले. "मधलं तू सांगितलंस. उद्या पाचला परत विचार."