दोन हात लांबचे साळवे

साळवे कुणाशीही सरळ उभे राहून बोलत नाहीत. इथे आखातात, आमच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीच्या दारावर ते सिक्युरिटी ऑफिसर आहेत. समोरच्यापासून दोन हात लांब, अंग जरा तिरकं, तळवे उघडे. भडकलेल्या नातेवाइकासमोर असंच उभं राहायचं, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतो मीच. पण साळवे कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, दूध घेतानाही तसेच उभे. दुकानदार बिचारा काउंटरवर पोट टेकवून पिशवी पुढे करतो. बायकोचा व्हिडिओ कॉल आला की फोन खिडकीत ठेवून हे मागे सरकतात.

"अहो, जवळ या ना! नुसता कानच दिसतोय!" ती जालन्याहून ओरडते.

"दोन हात लांब, आवाज खाली, भांडण खलास!" साळवे तिलाही हेच ऐकवतात.

सगळे हसतात. मीही हसतो. पण ही खोड त्यांना माझ्यामुळे लागली, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांची सर्टिफिकेटची परीक्षा होती. भडकलेला नातेवाईक मीच झालो होतो. "सोडा मला! आई आत आहे माझी!" एवढं ओरडलो आणि आवाज फुटला. महिन्यापूर्वीच सांगलीला माझी आई वारली होती. लीव्ह मिळत नाही, असं मी घरी कळवलं होतं. खरं तर मागितलीच नव्हती. तिला गेलेली बघायचं धैर्य नव्हतं.

साळवे सगळे नियम विसरून पुढे आले. माझा हात धरला. "सर, आईचं नाव काय?"

अख्ख्या वर्गासमोर उघडा पडलो, याचा राग आला. शेरा लिहिला: अंतर राखलं नाही. नापास.

सर्टिफिकेट नाही म्हणून साळवे आठ महिने सलमाबादच्या गोदामाच्या गेटवर, उन्हात. तिथे ट्रक ड्रायव्हरांसमोर तिरकं उभं राहून सराव करायचे म्हणे. पुढच्या परीक्षेत पास झाले आणि परत आले, ते असे दोन हात लांबचे होऊनच.

परवा रिन्यूअलची परीक्षा झाली. एकही चूक नाही. वर्ग रिकामा झाल्यावर मी त्यांना थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. लीव्ह, राग, शेरा.

तळवे उघडे ठेवून त्यांनी ऐकून घेतलं.

"सही झाली का, सर?"

"झाली."

"शिक्का?"

"मारला."

"मग परीक्षा खलास."

दोन पावलं पुढे येऊन ते माझ्यासमोर सरळ उभे राहिले. माझा हात धरला.

"त्या दिवशी नाव सांगायचं राहिलं. काय होतं आईचं नाव?"

"सुमन," मी म्हणालो.