शामरावांचं राखीव डोकं

आमच्या किन्हीराजा गावात मोटारसायकलवर हेल्मेट घालणारा माणूस शोधावा लागेल. पण बैलगाडीवर हेल्मेट घालणारा एक आहे, माझे शेजारी शामरावकाका. शेतात सोयाबीनच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर हेल्मेट, ओट्यावर बसले तरी हेल्मेट. विचारलं की म्हणतात, "माह्यं डोस्कं आता माह्यं नाही, मास्तर. डॉक्टरायचं हाय. सांभाळून द्या लागते."

झालं असं, की काकूंची नजर जात चालली होती. मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. नागपूरच्या एका तरुण डॉक्टरने ती चक्क नाकातून काढली आणि काकूंना पुन्हा दिसू लागलं. "एवढ्या अवघड जागी हात कसा बसला, बाप्पा?" काकांनी विचारलं. "दान आलेल्या देहांवर शिकलो," डॉक्टर म्हणाला. घरी येताच काकांनी देहदानाचा फॉर्म मिळवला आणि तपकिरीची डबी नाल्यात भिरकावली. का? तर "नाकातला रस्ता साफ पाह्यजे!" आता साधी सर्दी झाली तरी ते डॉक्टरांचं नुकसान झाल्यासारखे हळहळतात.

घोडं अडलं होतं सहीवर. पुढे फॉर्म भरून व्हायच्या आतच काकू वारल्या. फॉर्मवर जवळच्या नातेवाईकाची सही हवी, कारण मागे देह सोपवणार तोच. उरली जवळच मालेगावला दिलेली लेक, शोभाताई. ती तीनदा नाही म्हणाली. "अग्नी नाही देला तं लोक काय म्हनतीन, बाबा? अन् तुमाले कोनी चिरून राह्यलं, हे मनात आनून मी जेवू कशी?" काका चिडायचे आणि मला समजूत घालायला पाठवायचे. मी चहा पिऊन परत यायचो.

यंदा पितृपक्षात काकूंचं पान पहिल्यांदाच वाढायचं होतं. शोभाताई स्वयंपाकाला आली, मी पंगतीला. काकांनी काकूंच्या पानाशेजारी आणखी एक पान मांडलं.

"हे कोनाचं, बाबा?"

"ज्याच्या डोस्क्यावर तो डॉक्टर शिकला, त्याचं. तुह्या मायनं तुह्या पोरीचं तोंड पाह्यलं, ते त्याच्यामुळं. नाव मालूम नाही, म्हून नुसतंच पान."

शोभाताई वाढायला पुढे आली. तिने त्या पानावर आणखी एक वडा वाढला, भातावर तूप सोडलं, पदराला हात पुसले.

"कागद आना," ती म्हणाली.

सही झाली. आता काकांचं भाषण सुरू होणार म्हणून मी सरसावून बसलो. पण काका लेकीकडे बघत एवढंच म्हणाले, "माह्यं पान वाढतानी तुले नाव तं मालूम राहीन." आणि लहान पोरासारखे रडायला लागले. शोभाताईही रडली. मीही.