दातारकाकांची गाडी तापत नाही

दातारकाका बायकोच्या बसमागून गाडी चालवत असत.

हे वाक्य मी चुकून लिहिलेलं नाही. सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या बस इंटरचेंजवरून काकू बस पकडायच्या आणि काका आपल्या फिकट हिरव्या ब्रॅमलीतून त्या बसच्या मागे निघायचे. दोघं एकाच घरातून निघालेली, एकाच लग्नाला चाललेली. बस थांब्यावर थांबली की काकाही थांबायचे आणि मागचे लोक त्यांच्या नावाने ठणाणा करायचे. हॉलवर पोचल्यावर काकू सरळ आत शिरायच्या. काका मात्र मला कोपऱ्यात गाठून कानात सांगायचे, "पन्नास मिनिटं. तापली नाही."

"तापली नाही" हा त्यांचा नमस्कार होता. लिफ्टमध्ये भेटले तरी तेच, फोनवरही तेच. एकदा मी तापाने फणफणलो होतो आणि ते बघायला आले. दारातूनच म्हणाले, "तापली नाही." माझ्या बायकोला वाटलं, तिची चौकशी चालली आहे. ती म्हणाली, "मला नाही हो, ह्यांना ताप आहे."

ब्रॅमली म्हणजे साठच्या दशकातली ब्रिटिश बनावटीची घरगुती गाडी. चार दारं, फुगीर गाल, आणि मागच्या सीटवर तीन जाड माणसं आणि एक आजारी नातेवाईक मावेल एवढी जागा. बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. सिंगापूरमध्ये गाडी दहा वर्षांची झाली की लोक ती भंगारात काढतात, इथे हे चाळीस वर्षांचं धूड ठेवून बसले होते. अशा जुन्या गाड्यांना वेगळी नंबरप्लेट मिळते आणि वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर यायची परवानगी असते. काका ते दिवस देवळातल्या प्रसादासारखे जपून वापरायचे. आणि बाकीच्या दिवशी? बाकीच्या दिवशी रोज सकाळी कार पार्कमध्ये जाऊन, कुठेही न जाणाऱ्या त्या गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी बघायचे. डिकीत पाण्याच्या सहा बाटल्या. वाळवंट ओलांडायला निघाल्यासारख्या!

मी शेजारी राहायला आलो तेव्हा नवा नवा होतो, एम्प्लॉयमेंट पासवर आलेला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा, हे पुणेकराला शिकवावं लागत नाही. पहिल्याच दिवशी कार पार्कमध्ये मी ब्रॅमली बघितली आणि म्हणालो, "अरे वा! ह्या तापतात म्हणे."

झालं! पाऊण तास मी उभा.

"आधी माणूस तपासा, मग गाडी," काका म्हणाले. हा त्यांचा दुसरा मंत्र. "वेग नाही म्हणतात. तुम्हाला कुठे पळून जायचंय? सगळं मिळून एवढंसं बेट. दारं जड आहेत म्हणतात. दार आहे ते, पडदा नाही! ह्या जपानी गाडीचं बॉनेट उघडा, आत काय दिसतं? काळं झाकण. हिचं उघडा. सगळं समोर. काय दुखतंय ते सांगते बिचारी. लोकांनी फुकट नाव खराब केलं हिचं."

नाव खराब होतं हे मात्र खरं. आमच्या इथल्या मराठी मंडळात तर तो वाक्प्रचारच होता. गणपतीच्या कार्यक्रमात माईक बंद पडला की कुणीतरी ओरडायचं, "झाली दातारांची गाडी!" ऐन वेळी गायिकेचा घसा बसला, दातारांची गाडी. ऑफिसात सर्व्हर झोपला तेव्हा मीही माझ्या मॅनेजरला हेच म्हणालो होतो, आणि तो तर तमिळ होता.

त्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. सत्तरच्या दशकात काका इथे जहाजाच्या कंपनीत होते, नवं लग्न, ब्रॅमली सेकंडहँड घेतलेली. साताऱ्याहून तार आली, काकूंची आई अत्यवस्थ. दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं. विमानतळ तेव्हा पाया लेबारला होता, जेमतेम वीस मिनिटांवर. त्या वीस मिनिटांत गाडी उकळली. वाफेचे लोट. टॅक्सी मिळेपर्यंत विमान गेलं. पुढचं विमान तीन दिवसांनी, आणि तोवर आई गेली. काकूंनी गाडीला दोष दिला नाही, काकांनाही दिला नाही. फक्त परत कधी त्या गाडीत बसल्या नाहीत. तीस वर्षं! बाकी संसार ठाकठीक. वरण-भात, औषधांच्या वेळा, मुलाचा ऑस्ट्रेलियातून फोन, सगळं दोघं मिळून. गाडीचा विषय निघाला की काकू उठून कुकर लावायच्या.

काकांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती, काकूंनी एकदा गाडीत बसावं. त्यासाठी ते बसमागून जायचे. तिला खिडकीतून दिसावं, की बघ, येतेय मागून, तापत नाही.

मग त्यांचा गुडघा गेला. डावा. क्लच दाबणारा. वयामुळे परवान्यासाठी डॉक्टरची तपासणी लागायची, आणि डॉक्टरने सांगितलं की ह्या वाढदिवसानंतर परवाना विसरा. बुकित तिमाहच्या एका हौशी माणसाने गाडी मागितली. वाढदिवसाला तीन आठवडे होते आणि परवानगीचे दोन दिवस शिल्लक.

"एक दिवस चाचणीला," काका मला म्हणाले, "आणि एक दिवस तिला." ती कबूल होईल की नाही, ह्याचा पत्ता नव्हता. "तू टेस्टिंगवाला ना? मग कर टेस्ट."

मी केली. माझी बायको म्हणाली, तुम्ही दोघं ठार वेडे आहात. मी रीतसर यादी बनवली. चढ, सिग्नल, भर दुपार, चार वेळा बंद करून चालू. आमच्या इमारतीतले टॅन अंकल जिन्यात उभे राहून विचारत होते, "अंकल, धिस कार कॅन गो चांगी, मेह?" चांगी म्हणजे बेटाचं पार पूर्वेचं टोक, आणि 'मेह' म्हणजे शंका. काकांनी त्यांना उत्तर म्हणून हॉर्न दिला. आणि खरं सांगतो, मी खोट काढायला बसलो होतो आणि मला खोट सापडली नाही. भर दुपारी दोन तास फिरलो. तापमानाचा काटा मधोमध बसून राहिला. उतारावर मऊ, चढावर हट्टी, ब्रेक जरा विचार करून लागणारे, पण लागणारे. तीस वर्षं सगळे जिला हसत आले, मीही हसलो, ती गाडी चांगली होती हो! मला थोडी लाजच वाटली.

परत आल्यावर मी सवयीने विचारलं, "काका, त्या दिवशी मग नेमकं काय बिघडलं होतं? मूळ कारण काय?"

काकांनी इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच.

"पाणी नव्हतं," ते म्हणाले. "रोज सकाळी पाणी घालायचं असतं हिला. रोज घालायचो. त्या दिवशी मी बॉनेटला पॉलिश करत बसलो. विमानतळावर ऑफिसचे साहेब भेटणार होते, गाडी चकाचक दिसायला हवी. अर्धा तास घासलं बॉनेट, उघडलं मात्र नाही." त्यांनी चावी काढून घेतली. "आणि रस्त्यावर वाफ निघाली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ह्या ब्रिटिश गाड्या अशाच, आपल्या हवेत तापतात. मीच म्हटलं. पहिल्यांदा मीच. मग मंडळातही मीच सांगत सुटलो."

"काकूंना सांगून टाका," मी म्हटलं.

"घरात जमत नाही रे. घरात ती समोर असते. गाडीत दोघंही पुढे बघतात. गाडीत सांगेन. म्हणून तर बसायला हवी ती."

तीस वर्षांचा तो बसचा पाठलाग माझ्या डोळ्यांसमोरून गेला आणि मला त्यांचा राग आला, आणि कीवही आली.

संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, "काकू, पुढच्या आठवड्यात गाडी जाणार. रविवारचा एकच दिवस आहे. चांगीपर्यंत जाऊन चहा पिऊन येऊ." त्या कुकर लावायला उठल्या नाहीत. अख्खी जुडी निवडून संपवली.

"जुन्या विमानतळाच्या रस्त्याने नेणार का हे?"

"हो."

"येते. तू पण चल मागे. आम्हाला गाडीत दोघांनीच बसायची सवय राहिली नाही."

रविवारी काकू नारायणपेठ साडी नेसून खाली आल्या. काकांनी दार उघडून धरलं. त्या बसल्या, पदर आत ओढून घेतला, आणि काकांनी दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही. परत लावावं लागलं. मी मागे बसलो आणि स्वतःला बजावलं, आज तोंडाला कुलूप. तुझं काम नाही हे.

तोआ पायोह सुटलं. जुन्या विमानतळाचा रस्ता लागला. काकांनी वेग कमी केला, मानेवरचा घाम पुसला. रस्त्याकडेच्या झाडांपाशी, बहुधा तेव्हा गाडी उकळली होती तिथे, आलो तशी काकूंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. दोघंही समोर बघत होते.

"अगं," काका म्हणाले. "त्या दिवशी..."

आणि थांबले.

आता सांगतील, मी मनात म्हटलं. आता. काकांनी गिअर बदलला. काकू अजिबात हलल्या नाहीत. एक सिग्नल गेला. मला ती शांतता सोसवेना. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसलं, तेव्हाही खुपसलं. मला वाटलं, बिचारे अडकलेत, थोडा धक्का देऊ.

"काकू, काटा बघा!" मी पुढे वाकून म्हटलं. "अगदी मधोमध! मी स्वतः तपासलीय, एक दोष नाही गाडीत!"

काकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. "बघ!" ते म्हणाले. "हा टेस्टिंगवाला सांगतोय. तापली नाही!"

मग जे सुरू झाले ते चांगीपर्यंत. जपानी बॉनेट, काळं झाकण, दारांचं वजन. काकू "हं" म्हणत होत्या. मी मागच्या सीटवर माझीच जीभ चावत बसलो होतो. गाढव आहे मी, दुसरं काय.

चांगीला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, आम्ही चहा घेतला. समोरच्या पुलाउ उबीन बेटाला जाणाऱ्या होड्या सुटत होत्या, सायकलवाले ओळीने उभे होते. दोन चिनी म्हातारे गाडीभोवती गोळा झाले तसे काका लगबगीने तिकडे गेले, गुडघा विसरून. बॉनेट उघडून दाखवायला लागले.

"तुला सांगितलंय ना ह्यांनी?" काकूंनी विचारलं.

मी मान खाली घातली.

"रोज सकाळी पाण्याची झारी भरून मी दारात ठेवायचे. त्या दिवशीही ठेवली होती, रडत रडत. विमान चुकून परत आलो तर झारी तशीच. काठोकाठ. मी ती कुंड्यांना घातली." चहाच्या कपावर त्यांनी बोट फिरवलं. "मला त्याच दिवशी कळलं रे."

"मग इतकी वर्षं गाडीत का नाही बसलात?"

"गाडीवर कसला राग? माणूस विसरतो. मी विसरत नाही का? ह्यांनी एकदा म्हटलं असतं, माझं चुकलं, की मी तिथल्या तिथे 'असू दे' म्हणाले असते. रस्त्यावरच. आई गेल्याचं मग मी ह्यांच्याजवळ रडू शकले असते. ते राहूनच गेलं." त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसते मिटले. "आज 'असू दे' म्हणायचं ठरवूनच बसले होते. तोंडाशी आलं होतं ह्यांच्या."

"काकू, मी मध्ये बोललो."

"हो," त्या म्हणाल्या. 'नाही रे' म्हणाल्या नाहीत. "आता हे त्यांना सांगू नकोस. तू पढवल्यावर बोलले तर त्याला अर्थ नाही."

तेवढ्यात काका आले. चेहरा फुललेला. "काय, कशी वाटली आमची गाडी?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "चांगली आहे हो," त्या म्हणाल्या. "उगाच नावं ठेवली लोकांनी."

काकांना आभाळ ठेंगणं झालं. पुढच्या गुरुवारी बुकित तिमाहचा माणूस येऊन गाडी ट्रकवर चढवून घेऊन गेला. काकांनी त्याला पाण्याबद्दल तीनदा बजावलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते तिथेच उभे होते. मंडळात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, हिने मान्य केलं, गाडीत दोष नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकू पुरणपोळ्या वाढत होत्या.

त्यानंतर कधीतरी इमारतीखाली बाकावर काका एकटे बसलेले दिसले. काकूंनी बजावलं होतं तरी मला राहवेना. झारीबद्दल चकार शब्द काढला नाही, एवढंच म्हटलं, "काका, अजून सांगून टाका ना. एक वाक्य तर आहे."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी टेस्टिंगवाला असून साधी गोष्टही मला कळत नाही.

"आता कुठे सांगू?" ते म्हणाले. "गाडी गेली ना."