डोंगराला कळता कामा नये

मुक्काम हलवताना तंबूखाली चेपलेलं गवत हाताने उभं करणारा माणूस तुम्ही पाहिलाय? माझ्या थोरल्या बहिणीने त्याच्याशी लग्न केलंय.

एरवी भाऊजी गोडदेवला तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि एका कंपनीचं गोदाम सांभाळतात. थंडी पडली की गळ्यात शिट्टी अडकवून मोहीमप्रमुख होतात. ताई, भाची आणि मी ही फौज. फौजेला मत नसतं, गुडघे असतात. कारण निघायच्या दिवशी राख पुरायची, चुलीचे दगड होते तिथे, होते तसे ठेवायचे आणि मग गवत. "आपण येऊन गेलो हे डोंगराला कळता कामा नये!" कळलं असतं तर डोंगर काय करणार होता, हे विचारायची सोय नव्हती.

दरवर्षी सह्याद्रीत लांब कुठेतरी जाणारी मोहीम यंदा घराजवळच, चेण्याच्या मागच्या डोंगरावर, ओळखीच्यांच्या माळावर गेली. तीही रिक्षाने. ताईला लांबचा प्रवास बंद होता. औषधंही डॉक्टरांनी बंद केली होती. "आता त्यांची हौस असेल ती पुरवा," एवढंच म्हणाले. ताईने तंबू मागितला.

"दुर्बीण आणली असती तर आपले वाळत घातलेले टॉवेल दिसले असते," पहिल्या संध्याकाळी ती म्हणाली. "केवढी मोठी मोहीम हो!"

"बोलू नकोस, दम लागतो. हुकूम आहे."

"अहो, लग्न झाल्यापासून हुकूम देताय. मी एक तरी पाळलाय?"

शेवटच्या सकाळी शिट्टी वाजलीच नाही. भाऊजींनी ताईला हात धरून खाली रिक्षात बसवलं, शाल गुंडाळली, भाचीला तिच्याजवळ ठेवलं आणि वर आले. तंबू उतरवून आम्ही दोघे गुडघ्यांवर बसलो.

"उठलं का हो तुमचं गवत?" खालून ताईचा आवाज आला. बारीक, पण टोमणा शाबूत.

"उठतंय, उठतंय!"

सरकत सरकत मी ताई झोपायची त्या जागेशी आलो. तिथलं गवत अरुंदसं दबलं होतं, कुशीवर पाय पोटाशी घेतल्यासारखं. मी हात घातला, तसं भाऊजींनी माझं मनगट धरलं.

"तेवढं राहू दे."

"पण भाऊजी, डोंगराला..."

"कळू दे."