आत्याबाईंचं वर्गीकरण

मोबाइलवर सर दिसले की आमच्या आत्याबाई डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. सर पुण्याहून शिकवायचे आणि माझा कॅमेरा बंद असायचा. आत्याबाई त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. हे मी तीनदा समजावलं. "त्याईले दिसत नसन, मले त ते दिसून राह्यले ना," म्हणत त्यांनी पदर आणखी पुढे ओढला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळ आमचा भाजीचा मळा आहे. लग्नानंतर मी ग्रंथालय शास्त्राची पदवी ऑनलाइन करायचं ठरवलं, तेव्हा पुस्तकं कपाटात ठेवायला कशाला शिकावं लागतं, असं आत्याबाई सोडून घरातल्या सगळ्यांनीच विचारलं. आत्याबाईंनी सासऱ्यांना एवढंच सुनावलं, की ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही त्यानं यात बोलू नये.

घरात रेंज नव्हती. आत्याबाई मोबाइल हातात धरून अख्खा मळा फिरल्या आणि वांग्यांच्या पलीकडे कडुनिंबाखाली त्यांना रेंज सापडली. तिथे त्यांनी बाज टाकली. रोज दुपारी मी बाजेवर बसून ऐकायची. त्या खाली बसून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायच्या. कुत्रं भुंकलं तर ढेकूळ, नवऱ्याचा फोन आला तर "शिकून राह्यली, मंग कर," एवढंच.

एकदा सर वर्गीकरण शिकवत होते. एका विषयाची पुस्तकं एका जागी ठेवायची, प्रत्येकाला आकडा द्यायचा. आत्याबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "भोपया कुठी ठेवाचा मंग?" त्या म्हणाल्या. "वेलात का भाजीत?"

माझा माइक चुकून चालू होता. पलीकडे सर थांबले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सर म्हणाले, हाच तर खरा प्रश्न आहे. पुस्तकाची जागा एकच, मात्र दुसऱ्या ठिकाणी एक नोंद ठेवायची, की ते तिकडे आहे. आत्याबाईंनी मोबाइलकडे पाहून मान डोलावली, जणू सर परीक्षेत पास झाले.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर ओळखू येईना. फोडणीचं सगळं एका फळीवर, उपासाचं दुसरीवर. गूळ खोकल्याच्या औषधांत गेला होता. साखरेच्या डब्यात एक लवंग होती. चहात टाकायच्या लवंगाही औषधांत आहेत, ही त्यांची नोंद. सासऱ्यांनी चहात लवंग लागल्याची तक्रार केली, तर त्यांना ऐकावं लागलं, की ती खायची नसते, वाचायची असते.

शेवटच्या वर्षीचा पेपर नेमका सोयाबीन काढायच्या दिवशी आला. पेपर कॅमेऱ्यासमोर द्यायचा होता. आजूबाजूला माणूस दिसता कामा नये, आवाज नको, आणि रेंज फक्त निंबाखाली. शेजारच्या आमच्याच वावरात मळणीचं थ्रेशर धडधडत होतं. आभाळ भरून आलेलं. मी आत्याबाईंना म्हटलं, राहू द्या, हा पेपर पुढच्या वेळी देईन.

त्या चालत गेल्या आणि त्यांनी मशीन बंद करायला लावलं. सासरे आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर सगळ्यांसमोर ओरडले. पाणी आलं तर वर्षाचं पीक भिजेल, हे त्यांचं काही चूक नव्हतं. आत्याबाईंनी आवाज चढवला नाही. "गंजीवर ताडपत्री टाका," त्या म्हणाल्या. "तिच्या पेपरवर टाकाले मायाजवळ ताडपत्री नाई."

दोन तास मजूर गप्प बसून होते. आत्याबाई कॅमेऱ्यात येऊ नयेत म्हणून बांधाच्या पलीकडे पाठ करून बसल्या आणि बकऱ्या हाकलत राहिल्या. पाऊस आला तो संध्याकाळी, शेवटचं पोतं घरात गेल्यावर. पण तो आधी आला असता तरी त्या उठल्या नसत्या, हे मला ठाऊक आहे. आज मी जी कोणी आहे, ती त्या दोन तासांमुळे.

मी पास झाले आणि वाशीमला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. पहिल्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरले, तर आत्याबाई फाट्यावर उभ्या होत्या. घराकडे चालताना मी भरभरून सांगत होते. किती कपाटं, किती पुस्तकं, मुलींनी काय काय विचारलं. त्यांनी मधेच विचारलं,

"मंग आता ते सर नाई शिकवत तुले?"

नाही, म्हटलं, शिकून झालं.

"हं," त्या म्हणाल्या. "चौथीतून काढलं होतं मले बापानं. म्हंजे मायी शाया दोनदा सुटली."

हसतच म्हणाल्या आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन पुढे चालू लागल्या.

गेल्या महिन्यात मी पुढच्या पदवीचा फॉर्म भरला. वर्ग रविवारी दुपारी असतात, आणि निंबाखालची बाज अजून तिथेच आहे. नवऱ्याला वाटतं, बढतीसाठी शिकते आहे. मी त्याला काही सांगितलेलं नाही.