आतडं माझं, पाणी गावाचं

माझ्या पोटाचा प्रश्न मी कुणालाही न विचारता सोडवणार होतो! पोट माझंच होतं ना? घोडेगावात मात्र तसं कुणी मानत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात सगळा तालुका अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरीवर वाळत होता आणि मी एकटा फुगत होतो. लोक माझ्याकडे रेशन दुकानदाराकडे बघावं तसं बघत. शेवटी मुंबईचे एक डॉक्टर गाठले. ते म्हणाले, परदेशात नवं ऑपरेशन निघालंय. आतड्याचा बराचसा भाग बाजूला ठेवायचा, उरलेली टोकं जोडायची. मग हवं तेवढं खा, अंगी लागत नाही!

परतलो तर आमच्या ओट्यावर गर्दी जमली. गुरांचे व्यापारी गनीभाई यांनी सवयीने माझ्या बरगड्या चाचपल्या.

"मास्तर, ते बाजूला केल्यालं आतडं ठिवत्यात कुटं?"

"पोटातच."

"मंग त्याला चारा कोन घालनार?"

तेवढ्यात माझी बायको भागूबाई म्हणाली, "आन् तुमी उठलाच न्हाई तर?"

"शंभरात चार-पाचच दगावतात गं!"

"पंगतीत कवा पयल्या पाचात न्हवता तुमी?"

"अगं, फायदा बघ! श्रीखंड, बासुंदी, सगळं खायचं!"

"ह्या दुष्काळात?"

विषय बदलावा म्हणून मी सहज म्हणालो, "एक बारीकसा त्रास आहे. जुलाब होतात. दिवसातून दहा-पंधरा वेळा. पण सवय होते म्हणे."

इतका वेळ माझ्या मरणावर निवांत गप्पा मारणारी मंडळी ताडकन उठली!

"दर येळंला तांब्या?" शेजारची राहीबाई किंचाळली. "टँकर चार दिसांनी येतो, मास्तर!"

सांजेला सरपंच आप्पासाहेब स्वतः आले. पागोटं सावरत म्हणाले, "मास्तर, मरन तुमचं खाजगी. पानी सार्वजनिक हाय!"

तोडगा भागूबाईनेच काढला. "जेवढं पानी लागंल तेवढं आदी पंदरा दिस सोताच्या खांद्यावर आना. जमलं तर खुशाल कापून घ्या!"

"मंजूर!" मी छाती पुढे काढली. म्हणजे पोटच पुढे आलं.

लांबच्या मळ्यातल्या विहिरीवरून कावड वाहू लागलो. परत आलो की भूक अशी लागायची की बैलानं मान खाली घालावी! पंधरवडा संपला तेव्हा पुंजाराम अडत्याच्या धान्याच्या काट्यावर चढलो. पुंजाराम वजनं टाकतोय, टाकतोय... मी चार किलोनं वाढलो होतो!

डॉक्टर म्हणाले, "आता भूल देणंसुद्धा धोक्याचं. आधी वजन उतरवा, मग वजन उतरवायच्या ऑपरेशनला या!"

ऑपरेशन बारगळलं. पुढच्या साली पाऊस झाला, घरामागची विहीर तुडुंब भरली. मी कावड माळ्यावर टाकायला निघालो, तर भागूबाई दारात आडवी.

"ऱ्हाऊ द्या ती खालीच," ती म्हणाली. "मळ्यातल्या पान्यात डाळ लई चांगली शिजती!"