बाबांनी राखून ठेवलेली पुस्तकं

बंगळुरातल्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत मी पाऊल टाकण्याआधीच माझ्या नावावर तीन पुस्तकं राखून ठेवलेली होती. एक मधमाशा पाळण्याचं, एक धरणांचं आणि एक घोड्यांच्या आजारांचं. मी बीकॉमला आहे.

हा उद्योग बाबांचा. माझे बाबा वीज मंडळातून रिटायर झालेत आणि नागपुरात एकटे राहतात. अ‍ॅडमिशनच्या दिवशी मिळालेला लायब्ररीचा पासवर्ड त्यांनी हक्काने स्वतःजवळ ठेवून घेतला आणि घरबसल्या कॉम्प्युटरवरून माझ्यासाठी पुस्तकं राखायला लागले. मी म्हटलं, "बाबा, घोड्यांचं मी काय करू?"

"असू दे ना माय. वाचून ठेव. काय केव्हा कामी पडेल, सांगता येते का?"

काउंटरवरच्या अक्का पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, पण घरात मराठी. बाबांचं प्रत्येक पुस्तक माझ्या हातात देताना म्हणायच्या, "स्वल्प, थोडं अभ्यासाचं पण घे की गं!"

रोज संध्याकाळी बाबांचा फोन येई. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. एकच प्रश्न, "पुस्तक बदललं का?" हो म्हटलं की फोन ठेवून देत. मैत्रिणींच्या घरचे फोन तासभर चालायचे. मला बाबांचा राग यायचा, आणि मग रडूही यायचं.

अशात मी तापाने आडवी झाले. बाबांना म्हटलं, "बरी आहे मी. पुस्तक बदलेन उद्या." दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं, तिसऱ्याही. बाबा नुसतं "बरं" म्हणाले.

ताप उतरल्यावर लायब्ररीत गेले, तर दारात हुज्जत चाललेली. वॉचमन "कार्ड, कार्ड" करतोय, आणि पिशवी सांभाळत आमचे बाबा त्याला समजावताहेत, "कार्ड मेरी लडकी के पास है ना भाऊ!"

मी चिडलेच. "बाबा, इतक्या लांब, न सांगता? फोन तरी करायचा!"

"फोनवर तू 'बरी आहे'च म्हटलं असतं."

आम्ही पायरीवर बसलो. बाबा माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "मी गडचिरोलीला होतो, तं तुझी आई रोज फोनवर 'बरी आहे'च म्हणे. मी खरं मानत राहिलो. सुट्टीत आलो, तं ती दवाखान्यात. तिनं मला ओळखलंही नाही."

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्या फोनांबद्दल बाबा कधीच बोलले नव्हते.

"म्हणून 'कशी आहेस' हे मी विचारतच नाही," ते म्हणाले. "पुस्तक बदललं, की कॉम्प्युटरवर दिसते मला. म्हणजे माझी पोरगी आज उठली, चालत लायब्ररीत गेली. या वेळी काही दिसेचना."

आता बरी आहे, हेच माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"ताप होता, बाबा. खूप होता. तुमची आठवण येऊन रडत होते मी."

बाबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "आता बरं वाटलं."